मातीचा बैल आणि बोलणारा पोपट

आषाढात बेंदूर जवळ आला की सातारा-सांगलीच्या बाजारांत कुंभार मातीच्या बैलांच्या जोड्या मांडून बसतात. ज्यांच्या गोठ्यात खरी जनावरं आहेत ते त्यांना धुऊन शिंगं रंगवतात, झुली घालतात. ज्यांच्याकडे नाहीत ते ही जोडी पाटावर मांडून पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात. कर्नाटकाच्या सीमेकडच्या गावांत ज्येष्ठी पौर्णिमेलाच कर्नाटकी बेंदूर होतो, म्हणून तिकडे हे बैल आधीच आलेले असतात. पूजा उरकली की जोडीचा ताबा घरातल्या पोरांकडे जातो. काडेपेटीची गाडी होते, दोऱ्याची वेसण होते, ओसरीचा कोपरा शेत होतो. बैल स्वतः काहीच बोलत नाही, म्हणून पोरालाच "चल रं सर्जा" म्हणावं लागतं, आणि सर्जा दमला, रुसला, पळाला हेही त्यालाच सांगावं लागतं.

त्याच बाजारपेठेतल्या खेळण्यांच्या दुकानात शिरा. ऐकलेला शब्द उलट म्हणून दाखवणारा प्लास्टिकचा पोपट, लचकत गाणारं निवडुंग, दिवे लागून इंग्रजी मुळाक्षरं म्हणणारा खोटा मोबाइल, बटण दाबलं की पुसली जाणारी एलसीडी पाटी, रिमोटची गाडी. भाच्याच्या वाढदिवसाला निघालेला मामा पाचशेची नोट घेऊन तिथं उभा असतो. दुकानदार वय विचारतो आणि एकेक बटण दाबून दाखवतो. दिवे लागतात, गाणं वाजतं, पाच मिनिटांत खरेदी होते. लाकडी ठोकळ्यांच्या डब्याला किंवा कापडी बाहुलीला दुकानात असं काही करून दाखवता येत नाही. त्यांचं काम मुलाच्या हातात गेल्यावर सुरू होतं, आणि ते पाहायला मामा तिथं नसतो.

बारशाला काय न्यायचं हे आपल्याकडे ठरून गेलेलं आहे: वाळे, बिंदल्या, मनगट्या, कुंची, दुपटं, जुन्या लुगड्यांची गोधडी. उष्टावणाला मामाची चांदीची वाटी. गोंधळ त्यानंतर सुरू होतो, मूल बसायला-रांगायला लागल्यापासून शाळेत जाईपर्यंत. या चार-पाच वर्षांत मुलाला देण्याच्या वस्तूंबद्दल हे प्रकरण आहे.

खेळताना काम कोण करतंय, हा माझ्या लेखी पहिला प्रश्न. बैलाचा आवाज, चाल, राग सगळं मूल पुरवतं. पोपटाच्या बाबतीत बोलणं पोपटाकडे जातं आणि मुलाकडे बटण उरतं. दुसरा प्रश्न मला त्याहून महत्त्वाचा वाटतो: या वस्तूमुळे घरातलं मोठं माणूस मुलाजवळ येऊन बसतं, की निश्चिंत होऊन उठून जातं? हे मोजता येतं, आणि काही संशोधकांनी ते मोजलेलंही आहे.

अमेरिकेतल्या नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठात ॲना सोसा यांनी 10 ते 16 महिन्यांची बाळं आणि त्यांचे आई-वडील अशा 26 जोड्या घेतल्या. प्रत्येक घरी खेळांचे तीन संच दिले. एकात बाळांचा लॅपटॉप, बोलणारं शेत आणि खोटा मोबाइल. दुसऱ्यात लाकडी कोडं, आकार बसवायचा डबा आणि ठोकळे. तिसऱ्यात जाड पुठ्ठ्याची चित्रपुस्तकं. पंधरा-पंधरा मिनिटांच्या खेळाचं ध्वनिमुद्रण झालं आणि मोठ्यांनी मिनिटाला किती शब्द उच्चारले ते मोजलं गेलं. इलेक्ट्रॉनिक खेळण्यांशी खेळताना सुमारे 40, साध्या खेळण्यांशी 56 आणि पुस्तकांशी 67. म्हणजे पाव तासाच्या खेळात पुस्तक आणि बोलणारं खेळणं यांच्यात चारशे शब्दांचा फरक पडला. बोलणाऱ्या खेळण्यांपाशी बाळांनी काढलेले आवाजही पुस्तकांच्या वेळेपेक्षा कमी होते. हे संशोधन 2015 च्या अखेरीस 'जामा पीडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं.

जोड्या सव्वीसच होत्या आणि घरं अमेरिकेतली इंग्रजी बोलणारी होती, तेव्हा हेच आकडे कोरेगावच्या किंवा तासगावच्या घरात जसेच्या तसे येतील असं कुणी म्हणू नये. पण असं का होतं ते ओळखता येतं. खेळणं बोलायला लागलं की माणूस थांबतो, ते संपायची वाट पाहतो, आणि मग त्यात भर घालण्यासारखं त्याच्याकडे काही राहत नाही. पुस्तकातल्या बैलावर बोट ठेवलं तर आजी सांगते, हा आपल्या ढवळ्यासारखा आहे, ढवळ्या वैरण खातो, परवा तू त्याला भ्यायलास. त्या दोन वाक्यांत मुलाचं स्वतःचं जग असतं. कारखान्यात भरलेल्या आवाजाला ढवळ्या माहीत नसतो.

अशी खेळणी घेण्यामागे पुष्कळदा एक काळजी असते, ती आपण प्रामाणिकपणे समजून घेतली पाहिजे. पोर पुढे इंग्रजी शाळेत जाणार, घरात इंग्रजी कुणाला येत नाही, निदान खेळण्याकडून तरी चार शब्द कानावर पडावेत. पडद्यावरून किंवा नुसत्या आवाजावरून बाळाला भाषा येते का, याचा एक नामांकित प्रयोग आहे. अमेरिकेतल्या भाषाशास्त्रज्ञ पॅट्रिशिया कूल यांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली गेली. काही बाळांसमोर चिनी बोलणारी माणसं प्रत्यक्ष बसून खेळली, पुस्तकं वाचली. अशा 12 बैठका झाल्या. इतरांना तेच बोलणं पडद्यावर दाखवलं किंवा नुसतं ऐकवलं. प्रत्यक्ष माणसाशी खेळलेली बाळं चिनी भाषेतले बारीक ध्वनिभेद ओळखू लागली. पडद्यावरून आणि ध्वनिफितीवरून ऐकलेल्या बाळांना काहीच आलं नाही. शब्द तेच होते, वेळही तितकाच होता. समोर माणूस नव्हता.

सातारा जिल्ह्यातल्या फलटणमध्ये हा विचार एका शाळेच्या रूपानं उभा आहे. अमेरिकेतून येऊन फलटणला स्थायिक झालेल्या भाषाशास्त्रज्ञ डॉ. मॅक्सिन बर्नसन यांनी 1980 च्या दशकात प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा सुरू केली. मुलाच्या घरातली बोली हाच वाचनाचा पाया मानून त्यांनी शिकवण्याची पद्धत बसवली. जन्मानं इंग्रजी भाषक असलेली विदुषी फलटणच्या मुलांना मराठीतून शिकवण्याचा आग्रह धरते, तेव्हा इंग्रजी मुळाक्षरं म्हणणारा मोबाइल घ्यायला निघालेल्यानं क्षणभर थांबायला हरकत नाही.

शाळेला जिचं नाव आहे ती बाईही या विषयात मोलाची आहे. कमला निंबकर मूळच्या अमेरिकन. भारतात ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे कामातून आणि हालचालींतून शरीराला पुन्हा सक्षम करण्याचं शास्त्र, त्यांनी आणलं आणि 1950 मध्ये मुंबईत त्याचं देशातलं पहिलं प्रशिक्षण सुरू केलं. आज या शास्त्रातली माणसं लहान मुलांच्या पालकांना जे खेळ सुचवतात ते आपल्या ओळखीचे आहेत: कणकेचा गोळा मळणं, मोठे मणी ओवणं, डबे उघडणं आणि लावणं, पाणी ओतणं, चिमटीत धरून उचलणं. पेन्सिल धरायची ताकद बोटांत आणि मनगटात यातून येते. बटणाला मात्र बोटाचं टोक पुरतं, आणि जोरात दाबा की हळू, आवाज तेवढाच येतो.

याच कारणासाठी मला छोटे टाळ ही फार चांगली भेट वाटते. ज्ञानोबांची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी सातारा जिल्ह्यातून जाते. चांदोबाच्या लिंबापाशी पहिलं उभं रिंगण होतं. या वाटेवरच्या घरांत टाळ काही नवा नाही. पितळेचे दोन लहान टाळ मजबूत दोरीत ओवून दिले की दोन-अडीच वर्षांच्या मुलाला हळू आणि जोरात यांतला फरक स्वतःच्या हातानं कळतो, तोंडावर तोंड नीट आपटलं नाही तर नाद मरतो हेही कळतं. सांगली जिल्ह्यातल्या मिरजेत भोपळ्यापासून सतार आणि तंबोरा घडवणारी घराणी पिढ्यान् पिढ्या काम करताहेत. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भेट म्हणून लहान मुलाला सतार द्यायची नसते, पण त्या गल्लीत नेऊन लाकडावर तार कशी चढते ते दाखवणं ही चार-पाच वर्षांच्या मुलासाठी मोठीच भेट आहे, आणि तिला पैसे पडत नाहीत.

आता इथवर वाचून कुणाला वाटेल की जुनं ते सगळं चांगलं आणि बॅटरीचं ते सगळं वाईट. तसं मला अजिबात म्हणायचं नाही. जुन्या खेळण्यांपैकी काही लहान मुलाला सरळ धोक्याची आहेत. चिंचोके, सागरगोटे, गोट्या, कवड्या, गुंजा हे सगळं तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतं. खेळण्यांच्या सुरक्षिततेसाठी जगभर वापरलं जाणारं एक साधं माप आहे: 31.7 मिलिमीटर, म्हणजे सुमारे सव्वा इंच रुंदीची एक नळकांडी, तळ तिरपा, खोली एक ते सव्वादोन इंच. जी वस्तू किंवा तिचा सुटा झालेला तुकडा न दाबता या नळकांडीत पूर्ण मावतो, तो तीन वर्षांखालच्या मुलाला देत नाहीत. कागदाची तेवढी सुरळी घरी करता येते. मनगट्यांचे काळे मणी, चांदीच्या खुळखुळ्याचे सैल घुंगरू, जत्रेतल्या शिट्टीची आतली गोळी, सगळं त्यातून तपासावं. गुंजेचं तर बीच विषारी असतं, तिला घरातच मुलापासून लांब ठेवावं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला महागड्या मॉन्टेसरी साहित्याऐवजी बिया, शंख, खडे, पानं वापरून बालवाडी उभी केली हे खरं. पण तिथं मुलं जाणती होती आणि बाई समोर बसलेली असायची. भेटवस्तू बहुतेक वेळा कुणी समोर नसताना उघडली जाते.

रंगाचीही तीच गोष्ट. पिवळ्या आणि लाल रंगांत शिसं मिसळण्याची जुनी पद्धत होती. शिसं थोड्या प्रमाणातही वाढत्या मेंदूला बाधतं आणि लहान मूल हातातली प्रत्येक वस्तू तोंडात घालतं. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांमध्ये दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त शिसं असू नये असा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. तेव्हा बैलजोडी असो की लाकडी बदक, ओल्या फडक्यानं घासल्यावर रंग निघाला तर ती वस्तू कपाटावर मांडायला ठेवावी, बाळाच्या हातात देऊ नये. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं आणि भातुकली किंवा बंगळुरूच्या पुढे म्हैसूरच्या वाटेवर असलेल्या चन्नपट्टणची लाखेच्या रंगांची खेळणी जाणत्या कारागिराकडून घेतली तर हा प्रश्न बराच सुटतो. चन्नपट्टणला काळ्या कुड्याच्या मऊ, पांढरट लाकडावर चरकात फिरत असतानाच रंगीत लाखेची कांडी दाबतात. घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून लाकडात बसते. लाकडी फळं मात्र काचेच्या कपाटात गेली तर त्यांचा मुलाला काही उपयोग नाही, मग ती कितीही सुंदर असोत. परंपरेची खेळणी देणाऱ्यानं ती खेळण्यासाठी दिली आहेत हे आई-वडिलांना सांगूनच द्यावं.

पांगुळगाडा आणि वॉकर यांची तुलना इथं फार बोलकी आहे, कारण दोन्ही वस्तू चालायला शिकवण्याच्या नावाखाली दिल्या जातात. पांगुळगाड्याला तीन चाकं आणि एक आडवी दांडी. मूल स्वतःच्या पायांवर उभं राहतं, दांडी धरतं आणि गाडा ढकलतं. तोल त्याचा, ताकद त्याची. वॉकरमध्ये मूल खोळीत बसतं, पायाच्या बोटांनी जमीन ढकलतं आणि जोरात घरंगळत जातं, समोरच्या तबकात गाणी आणि दिवे असतात. वॉकरमुळे मूल लवकर चालायला लागत नाही. उलट पायऱ्यांवरून कोसळून डोक्याला मार लागण्याचे प्रकार इतके झाले की कॅनडानं एप्रिल 2004 मध्ये वॉकरची विक्री, आयात आणि जाहिरात तिन्ही बंद केलं, जुन्या वॉकरची विक्रीसुद्धा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही बंदीची मागणी केली आहे. आपल्याकडच्या जुन्या घरांत उंबरे, उंच पायऱ्या आणि अंगणातली उतरण असते. तिथं वॉकर भेट देणं मी कुणालाही सुचवणार नाही.

इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा सगळ्यात मोठा धोका आवाजात किंवा दिव्यांत नाही, आतल्या चपट्या नाण्यासारख्या सेलमध्ये आहे. स्वस्तातल्या एलसीडी पाटीत, बोलणाऱ्या पुस्तकात, दिव्याच्या बुटांत, रिमोटमध्ये हाच सेल असतो. मुलानं तो गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला की तिथल्या ओलाव्यातून वीज वाहू लागते, सेलच्या एका बाजूला तीव्र अल्क तयार होतं आणि ऊती भाजतात. दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. सुमारे 20 मिलिमीटरचा तीन व्होल्टचा सेल सर्वांत घातक, कारण तो अडकण्याइतका मोठा आणि जाळण्याइतका ताकदवान असतो. गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवण्यात किंवा शी होण्याची वाट पाहण्यात वेळ घालवू नये, क्ष-किरण तपासणीची सोय असलेल्या रुग्णालयात ताबडतोब न्यावं. खेळणं घेताना सेलच्या झाकणाला स्क्रू आहे का हे दुकानातच पाहावं. नुसतं नखानं उघडणारं झाकण असेल तर ते परत ठेवावं. बारक्या ताकदवान चुंबकांच्या गोळ्याही तशाच. दोन गिळल्या तर त्या आतड्याच्या वेगवेगळ्या वेढ्यांतून एकमेकींना ओढतात आणि मधली भिंत चिरडतात.

इथं सरकारी नियम देणाऱ्याच्या बाजूनं आहे. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, मग ती साधी असोत की विजेवर चालणारी. हस्तकला विभागाकडे नोंदलेले कारागीर आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तू यांना त्यातून सूट आहे. म्हणून चितारआळीतल्या लाकडी भातुकलीवर चिन्ह नसणं समजण्यासारखं आहे. कारखान्यातल्या प्लास्टिकच्या पोपटावर ते नसेल तर तो विकायलाच परवानगी नाही. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत किंवा म्हसवडच्या रथाला खेळण्यांचे ढीग लागतात, तिथं हे विचारायला संकोच वाटतो. पण पिपाणी, भिंगरी, पत्र्याची बोट यांच्यातली मजा मोठ्या मुलांसाठी आहे, आणि पत्र्याच्या कडा बोटानं फिरवून पाहायला कुणाची परवानगी लागत नाही.

किमतीचा आणि शेजाऱ्याच्या खेळण्याचा प्रश्न मात्र फार जुना आहे. संस्कृत नाटककार शूद्रकानं आपल्या 'मृच्छकटिक' या नाटकाचं नावच एका खेळण्यावरून ठेवलं. चारुदत्ताचा लहानगा रोहसेन शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी खेळून येतो. ती गाडी परत गेल्यावर दासी रदनिका त्याला मातीची गाडी करून देते, आणि तो सोन्याचीच हवी म्हणून रडत बसतो. वसंतसेनेला ते पाहवत नाही. ती अंगावरचे दागिने उतरवून त्याच्या मातीच्या गाडीत घालते आणि यातून सोन्याची गाडी कर म्हणते. पुढे हेच दागिने न्यायालयात चारुदत्ताविरुद्ध पुरावा ठरतात आणि तो वधस्तंभापर्यंत पोहोचतो. सांगलीजवळच्या हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमावर, 1855 मध्ये जन्मलेल्या गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक मराठी रंगभूमीवर आणलं. त्या प्रसंगात मला सर्वांत खरी वाटते ती रदनिका. गाडी मातीची आहे म्हणून रोहसेन रडत नाही. शेजारच्याकडे वेगळी आहे म्हणून रडतो. भेट देणाऱ्यानं त्या रडण्याला उत्तर म्हणून दागिने उतरवू नयेत. घरात आधीच दोन गाणारी खेळणी असतील आणि मूल तिसऱ्यासाठी रडत असेल, तर तिसरं दिल्यानं रडणं चौथ्यापर्यंत पुढे जातं. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठात 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दीड ते अडीच वर्षांच्या 36 मुलांसमोर एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी ठेवली. चारच असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. बोरन्हाणाला किंवा पहिल्या वाढदिवसाला एकाच दिवशी ढीग जमतो, तेव्हा तीन-चार वस्तू बाहेर ठेवून बाकीच्या कपाटात ठेवाव्यात आणि महिन्या-दोन महिन्यांनी अदलाबदल करावी. आत्या-मामांनी आधी एकमेकांना फोन करून एकत्र एकच चांगली वस्तू घेणं तर सगळ्यांत उत्तम.

विजेवर चालणाऱ्या वस्तूंना दार बंद करायचं मला मान्य नाही, कारण चार-साडेचार वर्षांनंतर चित्र बदलतं. तोवर मुलाला बोलणं आलेलं असतं, तोंडात वस्तू घालण्याचं वय सरलेलं असतं. स्क्रूनं बंद होणारा मजबूत टॉर्च ही या वयाला मी सर्वांत आधी सुचवेन अशी भेट आहे. लोडशेडिंग असो की कास पठाराकडची थंडीतली लांब रात्र, मूल त्यानं भिंतीवर सावल्या पाडतं, बोटांतून लाल उजेड पाहतं, गोधडीखाली घर करतं. वीज त्यातही आहे, पण खेळ मुलाचा आहे. दिवाळीत घरासमोर किल्ला करताना तोच टॉर्च बुरुजाच्या आत जातो, वर अळीव पेरलेलं असतं, आणि चिखलात मावळे उभे असतात. त्या आठवड्यात मावळ्यांचा डबा भेट दिला तर अख्खी गल्ली खेळते. त्याहून मोठ्या मुलांसाठी अरविंद गुप्ता यांचं काम पाहावं. आयआयटी कानपूरचे हे अभियंते पुण्याच्या आयुका संस्थेतल्या बालविज्ञान केंद्रात वर्षानुवर्षं टाकाऊ वस्तूंतून खेळणी करत राहिले. त्यांना 2018 मध्ये पद्मश्री मिळाली. एक सेल, दोन सेफ्टी पिना, तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि चुंबक एवढ्यात फिरणारी मोटर ते मुलांकडून करवून घेतात. अशा मोटरचं सामान डब्यात भरून दिलं, तर शाळेत जाणाऱ्या मुलासोबत एक मोठं माणूस अर्धा दिवस बसेल, आणि तोच त्या भेटीचा मोठा भाग आहे.

इंटरनेटला जोडलेल्या बोलणाऱ्या बाहुल्या मात्र कुठल्याच वयाला नकोत. 2017 मध्ये जर्मनीनं 'माय फ्रेंड केला' या बाहुलीवर बंदी घातली, कारण ती ऐकलेलं बाहेर पाठवू शकत होती आणि जवळपासच्या परक्या माणसाला तिच्यामार्फत मुलाशी बोलता येत होतं. टॅब किंवा फोन भेट देण्याविषयी एवढंच: जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनात एक वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा अजिबात नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासाहून जास्त नको असं सांगितलं आहे. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांची इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स दोन वर्षांपर्यंत पडदा नकोच म्हणते. तिथं एकच अपवाद आहे, नातेवाइकांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ कॉल.

हा अपवाद आपल्या भागासाठी महत्त्वाचा आहे. विटा, खानापूर, आटपाडी, माण या भागांतली सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यातली घरं देशभर पसरली आहेत. साताऱ्यालगतच्या आपशिंगे मिलिटरीसारख्या गावांतले बाप सीमेवर असतात. कितीतरी नातवंडं कोचीला किंवा लुधियान्याला आणि आजी विट्याला, अशी स्थिती आहे. सुट्टीत गावी आलेल्या मुलाला काय द्यावं असं मला या घरांतून कुणी विचारलं, तर मी चित्रपुस्तक सांगतो. एक नव्हे, एकाच पुस्तकाच्या दोन प्रती. माधुरी पुरंदरे यांच्या 'राधाचं घर'सारखी घरातल्या माणसांवरची छोटी पुस्तकं यासाठी फार छान. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी चित्रपुस्तकं स्वस्तही असतात. महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवर भिलार हे 4 मे 2017 पासून पुस्तकांचं गाव म्हणून उभं आहे. तिथं मुलाला नेऊन घराघरांतली पुस्तकं चाळू द्यावीत आणि त्याला कुठलं आवडतं ते पाहून मग विकत घ्यावं. एक प्रत मुलाबरोबर जाते, एक आजीच्या उशाशी राहते. रात्री फोन लागला की आजी विट्याला पान उघडते, नातू कोचीला तेच पान उघडतो, आणि मांजर कुठं लपलंय हे दोघं शोधतात. पडदा तेव्हा नुसती खिडकी असतो, बोलणं आजीचं असतं. फक्त दोन्ही प्रती एकदमच, एकाच आवृत्तीच्या घ्याव्यात. नव्या आवृत्तीत चित्रांची पानं मागेपुढे झाली तर आजीच्या पानावर मांजर असतं आणि नातवाच्या पानावर नसतं.